प्रिंट मारून ठेव

आई-पप्पांचं दिल्लीचं विमानाचं तिकीट काढलं, पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाकली, आणि दोनच मिनिटांत पप्पांचा मेसेज आला, 'तीन काढल्या.'

मी फोन लावला. "तीन कामून?"

"एक हातात, एक बॅगेत, एक घरी."

"घरी कशाला?"

"आपण कुठं गेलाव ते मागं घरात कुणाला कळायला नको का?"

मागं घरात कुणीच नसणार होतं. दोघंही दिल्लीला ताईकडं निघाले होते, मी पुण्याहून येऊन त्यांना सोबत करणार होतो. पण पप्पांशी कागदावरून वाद घालायचा नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. माझी फी कागदातूनच आली आहे.

पप्पांचं परभणीत झेरॉक्सचं दुकान आहे, स्टेशन रोडच्या एका गल्लीत. मी जन्मलो तेव्हा तिथं एसटीडी-पीसीओ होता. काचेची केबिन, आत लाल आकड्यांचं मीटर. मोबाईल आले तसं मीटर थंड पडलं आणि केबिनच्या जागी झेरॉक्स मशीन आलं. मग 2006 च्या आसपास तीन कॉम्प्युटर आले आणि पाटीवर 'सायबर कॅफे' चढलं. पोरं तासाला वीस रुपये देऊन याहू चॅट करायची. जिओ आलं आणि तीही गेली. आता पाटीवर 'झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म' एवढंच आहे. दर चार-पाच वर्षांनी एखादं यंत्र येतं आणि पप्पांचा एक धंदा बंद करतं. पप्पा त्या यंत्राला शिव्या देत नाहीत, त्याच्याशी संबंधित काय विकता येईल ते बघतात. परभणीकरांना 'जगात जर्मनी, देशात परभणी' ऐकवायची खोड असते. पप्पा तसलं काही म्हणत नाहीत, पण दुकान कधी बंदही ठेवत नाहीत.

मी पुण्यात एका ट्रॅव्हल बुकिंगच्या ॲपवर काम करतो. नाव सांगत नाही, कारणं पुढं येतील. म्हणजे तिकीट जिथं तयार होतं त्या टोकाला मी, आणि जिथं कागदावर उतरतं त्या टोकाला पप्पा. मधल्या अंतरात काय काय होतं हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं.

*

परभणीत विमानतळ नाही. जवळचं विमान नांदेडला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. परदेशी जायचं तर हैदराबाद किंवा मुंबई. तरी पप्पांच्या दुकानात विमानाची तिकिटं रोज छापली जातात. आखातात कामाला जाणारी पोरं, उमराहला निघालेली कुटुंबं, पंजाब-काश्मीरकडं ड्युटीवर परतणारे जवान, पहिल्यांदाच विमानानं मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया. ही माणसं येतात तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकचं पारदर्शक फोल्डर असतं. त्यात पासपोर्ट, आधार, व्हिसाचा कागद, पासपोर्ट साईझ फोटो. तिकिटाची जागा मोकळी असते. ती पप्पा भरतात.

एप्रिल 2017 मध्ये मी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करत होतो. त्या महिन्याच्या 27 तारखेला उडान योजनेची पहिली तीन विमानं सुरू झाली, शिमला-दिल्ली, कडप्पा-हैदराबाद आणि आमचं नांदेड-हैदराबाद. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आत. होस्टेलवर आम्ही कुणीच त्या विमानात बसलो नाही, पण आवाज आला की गच्चीवर मात्र जायचो. पप्पा सांगतात, त्या दिवसांत लोक दुकानात येऊन नुसती चौकशी करायचे, "अडीच हजारात खरंच बसवतात का?" एकानं तर तिकीट न काढताच वेबसाईटवरच्या भाड्याची प्रिंट मागितली होती. घरी दाखवायला.

दुकानात नेहमी येणारे एक चाचा आहेत, सत्तरीच्या पुढचे, जिंतूर रोडला राहतात. 1990 च्या दशकात ते रियाधला वेल्डर होते. नातवाचं तिकीट छापायला आले की पप्पांनी दिलेला कागद उलटा-सुलटा करून बघतात आणि म्हणतात, "ये क्या टिकट है? ये तो झेरॉक्स है." मागच्या वर्षी मी दुकानात बसलो होतो तेव्हा त्यांनी त्यांचं जुनं तिकीट आणून दाखवलं. मी असलं तिकीट पहिल्यांदाच हातात घेतलं.

ते तिकीट म्हणजे चेकबुकासारखी एक लांबट, पातळ वही होती. प्रत्येक उड्डाणाचं एक पान, त्याला कूपन म्हणत. पानांच्या मागं लालसर कार्बन, म्हणजे एजंटनं वरच्या पानावर लिहिलं की खालच्या सगळ्या पानांवर उमटायचं. एक प्रत एजंटला, एक हिशेबाला, उड्डाणाची कूपनं विमानतळावर फाडून घ्यायला, आणि शेवटचं पान प्रवाशाला. चाचांकडं ते शेवटचं पान आणि कव्हर उरलं होतं. एका चौकटीत 'ओके' असं टाईप केलेलं होतं. म्हणजे जागा पक्की. ते अक्षर नसलं तर तिकीट हातात असूनही जागा नाही. परतीच्या तारखेवर एक छोटा स्टिकर चिकटवला होता. तारीख बदलली की नवं तिकीट देत नसत, एअरलाईनच्या ऑफिसात जाऊन त्यावर असा स्टिकर लावून आणायचा. शिवाय परतीच्या आधी बहात्तर तास फोन करून 'मी येतोय' असं कळवावं लागे, नाहीतर जागा जायची.

"आणि हरवलं तर?" मी विचारलं.

चाचा हसले. त्यांच्या खोलीतल्या एकाचं हरवलं होतं. तिकीट हरवलं म्हणजे पैसेच हरवले. अर्ज करायचा, हमीपत्र लिहून द्यायचं की ते दुसऱ्या कुणी वापरलं तर भरपाई मी करीन, वर दंड, आणि मग वाट बघत बसायची. म्हणून हे सगळे जण तिकीट पासपोर्टसोबत कापडी पिशवीत घालून बनियनच्या आत गळ्यात अडकवायचे. रियाधच्या उन्हात दोन वर्षं. चाचांच्या तिकिटाचा कोपरा घामानं पिवळा पडला होता, तो त्यांनीच मला बोटानं दाखवला.

अशी तिकिटं 1 जून 2008 पासून बंद झाली. जगभरातल्या विमान कंपन्यांची 'आयाटा' नावाची संघटना आहे, तिनं त्या तारखेपासून आपल्या यंत्रणेत फक्त ई-तिकीट असं ठरवलं. आधीची मुदत 2007 अखेरची होती, ती पाच महिने वाढवावी लागली. एका कागदी तिकिटाला दहा डॉलर खर्च येतो आणि ई-तिकिटाला एक, असा त्यांचा हिशेब होता. ऑगस्ट 2007 मध्ये त्यांनी छापखान्याला कोऱ्या तिकिटांची शेवटची ऑर्डर दिली, 1 कोटी 65 लाखांची. एवढा मोठा आकडा आणि शेवटचा, हे वाचून मला उगाच त्या छापखान्याच्या माणसाची आठवण येते, ज्याला मी ओळखत नाही. पप्पांसारखाच कुणीतरी असणार. पुढं काय छापलं असेल त्यानं?

आपल्याकडं रेल्वेनं याची एक मजेशीर मधली पायरी काढली होती. आयआरसीटीसीची वेबसाईट ऑगस्ट 2002 मध्ये सुरू झाली तेव्हा तिकीट ऑनलाईन काढायचं आणि ते कुरिअरनं घरी यायचं. ई-तिकीट 2005 मध्ये आलं, पण त्याची प्रिंट काढून सोबत ठेवावी लागायची. हा पप्पांच्या दुकानाचा सुवर्णकाळ. देवगिरी आणि नंदिग्रामच्या भरवशावर आमच्या घरात फ्रिज आला. मग 2012 च्या सुमारास रेल्वेनं सांगितलं की मोबाईलवरचा एसएमएस दाखवला तरी चालेल. ती बातमी पप्पांनी पेपरातून कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती. गिऱ्हाइकांना दिसेल अशी. मला तेव्हा ते समजलं नव्हतं. ज्या बातमीनं आपला धंदा जाणार ती कोण लावून ठेवतं? पप्पा म्हणाले, "उद्या कुणी म्हणायला नको की यांनी सांगितलं नाही आन फुकट दहा रुपये घेतले."

तरी लोक प्रिंट काढतच राहिले. आजही काढतात.

*

आता थोडं माझ्या बाजूचं. ज्याला आपण विमानाचं तिकीट म्हणतो ती पीडीएफ, तो मेल, तो ॲपमधला स्क्रीन, यातलं काहीच तिकीट नसतं. तिकीट एअरलाईनच्या डेटाबेसमध्ये असतं. एक तेरा आकडी नंबर, त्याच्या पोटात तुमचं नाव, प्रवास, भरलेले पैसे. आणि गंमत म्हणजे तिथं अजूनही 'कूपन'च असतात. प्रत्येक उड्डाणाचं एक. कूपनाची स्थिती बदलत जाते : वापरायला खुलं, चेक-इन झालं, विमानात चढला, वापरून झालं. कागद गेला, कार्बन गेला, पण चाचांच्या वहीची पानं आमच्या डेटाबेसमध्ये जशीच्या तशी आहेत. पहिल्यांदा हे डॉक्युमेंटेशन वाचलं तेव्हा 'कूपन' म्हणजे डिस्काउंटचं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं.

म्हणजे चाचा म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. हातातला कागद झेरॉक्स आहे. पण मग फोनवरचा स्क्रीनही झेरॉक्सच. कागद की मोबाईल या वादात दोन्ही बाजू प्रतींचीच वकिली करत असतात. मूळ प्रत कुणाच्याच हातात नाही. हे मी पप्पांना एकदा फार उत्साहानं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते मूळ आहे तिथं लाईट गेली तर?" मी बॅकअप, दुसरं डेटा सेंटर वगैरे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही पण तीन काढता."

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमनं ठरवलं की मेलसोबत तिकिटाची पीडीएफ पाठवायची नाही आणि ॲपमधलं 'प्रिंट / डाउनलोड' बटण काढायचं. तिकीट बघायचं तर ॲपमध्ये लॉगिन करा. कारणं काही मूर्खपणाची नव्हती, ती सांगितली पाहिजेत. पीडीएफ जुनी होते. विमानाची वेळ बदलते, ॲपमध्ये नवी वेळ दिसते, पण माणूस जुनी पीडीएफ घेऊन विमानतळावर पोचतो आणि मग आमच्याशी भांडतो. पीडीएफमध्ये कुणीही खाडाखोड करू शकतं. रद्द केलेलं तिकीट दाखवून विमानतळात शिरणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या येतच असतात. शिवाय आकडे आमच्या बाजूनं होते. ते बटण दाबणारे लोक अगदीच थोडे होते.

तो कोड मी काढला. जुना कोड डिलीट करण्यात एक वेगळाच आनंद असतो, पसारा आवरल्यासारखा. रिव्ह्यूमध्ये दोघांनी अंगठे दिले. संध्याकाळी आम्ही वडापाव खायला गेलो. त्या दिवशी मला दुकान आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. ज्या बटणातून निघालेल्या कागदांवर मी इंजिनिअर झालो ते बटण मी काढतोय, असा काही विचार मनात आला असता तर निदान नाट्य तरी झालं असतं.

तीनेक महिन्यांनी रात्री साडेआठला पप्पांचा फोन आला. ते दुकानातून सहसा फोन करत नाहीत.

"अरे, ते तुमच्या कंपनीचं तिकीट असतं ना, त्याची प्रिंट कुठून निघती?"

सेलूकडच्या एक बाई आल्या होत्या, आईच्या वयाच्या. मुलगा मस्कतला कामाला, त्याच्याकडं निघाल्या होत्या. पहिल्यांदाच. पहाटेचं विमान हैदराबादहून. बाहेर जीप उभी, चालू. मुलानं तिकडून आमच्या ॲपवर तिकीट काढलं होतं आणि गावातल्या एका पोराच्या मोबाईलवर स्क्रीनशॉट पाठवला होता. व्हिसाची प्रिंट पप्पांनी आदल्या आठवड्यातच काढून दिली होती. फोल्डरमध्ये तेवढी तिकिटाची जागा मोकळी होती.

मी नेहमीच्या आत्मविश्वासानं म्हणालो, "पप्पा, प्रिंटची गरजच नाही. मोबाईलवर दाखवलं तरी चालतं."

"कोणत्या मोबाईलवर?"

मी गप्प झालो. बाईंकडं बटणांचा फोन होता. स्क्रीनशॉट ज्याच्या मोबाईलवर होता तो पोरगा परभणीपर्यंतच आला होता, पुढं जाणार नव्हता. ॲपमध्ये लॉगिन करायचं तर ओटीपी मस्कतच्या नंबरवर. मुलगा शिफ्टवर, फोन लागत नव्हता. स्क्रीनशॉटवर आमच्या ॲपचा बुकिंग नंबर होता, पण एअरलाईनचा सहा अक्षरी पीएनआर खाली कुठंतरी राहिला होता, त्यात आलाच नव्हता. पीएनआर असता तर पीएनआर आणि आडनाव टाकून एअरलाईनच्या साईटवरून पाच मिनिटांत काम झालं असतं. आमचा नंबर एअरलाईनच्या दृष्टीनं काहीच नाही. हा दोन नंबरांचा घोळ मला ऑफिसात शंभर वेळा ऐकून माहीत होता. तो दुकानाच्या काउंटरवर कसा दिसतो ते पहिल्यांदा ऐकत होतो. मागून जीपवाल्याचा हॉर्न येत होता.

माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. खऱ्या प्रवाशांचा डेटा मला बघता येत नाही, आणि येऊ नये हेच बरोबर आहे. कस्टमर केअरनं नोंदलेल्या नंबरवरून फोन करा म्हणून सांगितलं. शेवटी मी पप्पांना म्हणालो, स्क्रीनशॉटच ए-फोरवर मोठा छापा, आणि बाईंना सांगा की टर्मिनलच्या बाहेर एअरलाईनची खिडकी असते, तिथं पासपोर्ट दाखवला की ते सापडवून देतील. पप्पांनी स्क्रीनशॉट छापला, खाली पेनानं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत विमानाची तारीख, पासपोर्टवरचं नाव आणि 'कृपया मदत करा' एवढं लिहिलं. फोन चालूच होता. पप्पांनी विचारलेलं मला ऐकू आलं, "ताई, लॅमिनेट करून देऊ का?"

जीप गेली. पप्पा फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पैसे नाही घेतले. काम झालं नाही ना."

रात्री साडेबाराला मुलाचा फोन लागला, त्यानं एअरलाईनच्या साईटवरून तिकीट काढून पाठवलं. तोवर जीप नांदेडच्या पुढं गेली होती. पप्पांनी सकाळी दुकान उघडल्यावर त्याची प्रिंट काढली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी मुलाचा मेसेज आला की आई पोचली. हैदराबादला दारावरच्या जवानानं आत सोडलं नव्हतं, पण त्यानंच एअरलाईनच्या खिडकीकडं नेलं, तिथल्या मुलीनं पासपोर्टवरून तिकीट शोधून कागद हातात दिला. तास-दीड तास त्या दाराबाहेर उभ्या होत्या. 'आईला बीपी आहे,' एवढंच पुढं लिहिलं होतं. पप्पांनी मला हा मेसेज फॉरवर्ड केला, सोबत काही लिहिलं नाही.

मला त्या रात्री आकड्यांचा खेळ कळला. आमच्या नोंदीत प्रिंटचं बटण दाबणारे थोडे होते, कारण ज्यांना कागद लागतो ते बटण दाबतच नाहीत. मस्कतचा मुलगा मेलमधली पीडीएफ गावच्या पोराला व्हॉट्सॲप करतो, पोरगा ती दुकानाच्या नंबरवर पाठवतो, आणि प्रिंट दुकानातल्या मशीनमधून निघते. आमच्या सर्व्हरच्या दृष्टीनं त्या माणसानं कधीच प्रिंट काढली नाही. पप्पांच्या व्हॉट्सॲपमध्ये 'टिकिट.पीडीएफ', 'फायनल टिकिट.पीडीएफ' अशा नावांच्या शेकडो फाईली पडून आहेत. त्यातली एकही आमच्या डॅशबोर्डवर नाही.

ऑफिसात मी हे मांडलं. मॅनेजर भला माणूस आहे, त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "असे किती यूजर असतील?" माझ्याकडं एक बाई आणि एक दुकान होतं. विषय बॅकलॉगमध्ये गेला. (बॅकलॉग म्हणजे सरकारी ऑफिसातलं 'नोंद घेतली आहे'.) सहा महिन्यांनी पीडीएफ परत आली. पण ती सेलूच्या बाईंमुळं आली नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यांनी तक्रारी केल्या की कर्मचाऱ्यांच्या प्रवासाची बिलं पास करायला तिकिटाची प्रत जोडावी लागते. जगातल्या सगळ्यात आधुनिक कंपन्या, आणि त्यांच्या हिशेब खात्याला कागद लागतो. तो कोड परत मीच लिहिला. डिलीट केलेलाच परत आणला, खरं तर. मेलमध्ये पीएनआर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, ही एक ओळ मात्र माझी. तिला कुणी हरकत घेतली नाही.

*

तर दिल्ली. गेल्या नोव्हेंबरची 15 तारीख. परभणीहून पहाटेच्या गाडीनं संभाजीनगर, तिथून रिक्षानं चिकलठाण्याचा विमानतळ. मी आदल्या दिवशीच परभणीला आलो होतो. पप्पांनी शर्टाच्या खिशात घडी घालून एक प्रत ठेवली होती, आणि फोल्डरमध्ये दुसरी, आधारच्या रंगीत झेरॉक्ससह. मूळ आधारकार्ड आईच्या पर्समध्ये.

गाडीत बसल्यावर मला नोटिफिकेशन आलं. विमान एक तास वीस मिनिटं पुढं ढकललं होतं.

मी स्क्रीन पप्पांसमोर धरला. मला आत कुठंतरी आनंद झाला हे कबूल करतो. "बघा. तुमच्या तिन्ही कागदांवर आता चुकीची वेळ आहे."

पप्पांनी चष्मा लावला, फोनकडं बघितलं, खिशातून पेन काढलं. फोल्डरमधला कागद मांडीवर घेऊन छापलेल्या वेळेवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी नवी वेळ लिहिली. मग खिशातल्या प्रतीवर तेच. खाली सही केली.

"सही कामून?"

"खाडाखोड दिसली तर कुणी केली ते कळावं."

मला चाचांच्या तिकिटावरचा तो स्टिकर आठवला. मग आई म्हणाली, घरच्या प्रतीवर तर जुनीच वेळ राहिली. यावर पप्पा पाच मिनिटं खरोखर अस्वस्थ होते.

त्याच आठवड्यात युरोपातल्या रायनएअर कंपनीनं कागदी बोर्डिंग पास पूर्ण बंद केले होते, 12 नोव्हेंबर 2025 पासून फक्त मोबाईल. मी ते पप्पांना गाडीत वाचून दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "आन मोबाईल बंद पडला तर?" मी सांगितलं, आधी ऑनलाईन चेक-इन केलं असेल तर विमानतळावर फुकट पास देतात. "म्हणजे कागद देतात," पप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

विमानतळाच्या दारावर पप्पा पुढं, आई मधे, मी मागं. जवानानं पप्पांचा कागद घेतला, आधार घेतलं, चेहरा बघितला, खाडाखोडीवर बोट ठेवलं. पप्पा म्हणाले, "लेट हुआ है साब." जवानानं मान हलवली आणि दोघांना आत सोडलं. माझी पाळी आली तेव्हा ॲप अपडेट मागत होतं. पुण्याच्या विमानतळावर मी डिजियात्रानं नुसता चेहरा दाखवून आत जातो, त्यामुळं तिकीट आधी उघडून ठेवायची सवयच मोडली आहे. मागचा माणूस उसासे टाकत होता. आमच्याच ॲपचं अपडेट. मी बाजूला झालो. पप्पा काचेच्या आतून माझ्याकडं बघत होते. हसत नव्हते. मग त्यांनी फोल्डरमधला कागद वर करून दाखवला. एकाच पीडीएफमध्ये तिघांची नावं होती, माझंही. जवानानं आतून तो कागद मागवून घेतला आणि मला सोडलं.

वेब चेक-इन मी करून ठेवलं होतं, तरी पप्पांना काउंटरवरून बोर्डिंग पास हवा होता. मध्यंतरी काही कंपन्या काउंटरवर पास द्यायचे वेगळे पैसे घेत होत्या. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारनं ते घेता येणार नाहीत असं सांगितलं. पप्पांना ही बातमीही माहीत होती. पास हातात आल्यावर मात्र ते घाबरले. "नाव अर्धंच आलंय. कापलं गेलंय."

मी त्यांना समजावलं की पासवरच्या बारकोडमध्ये नावासाठी फक्त वीस अक्षरांची जागा असते, आडनाव, तिरकी रेघ आणि नाव मिळून. आपली नावं लांब, म्हणून कापली जातात. बसायला अजून दोन तास होते, म्हणून मी फोनवरून तो बारकोड स्कॅन करून आत काय असतं ते दाखवलं. सुरुवातीला 'एम' आणि 'एक', मग कापलेलं नाव, मग एक अक्षर 'ई', मग पीएनआर, कुठून कुठं, विमानाचा नंबर, आणि 319.

"तीनशे एकोणीस काय?"

"तारीख. वर्षाचा कितवा दिवस ते लिहितात. आज तीनशे एकोणिसावा."

पप्पांनी बोटांवर महिने मोजले. सप्टेंबरला एकदा अडकले, परत मोजले. "बरोबर आहे," म्हणाले. "आन ते 'ई'?"

"ई-तिकीट आहे म्हणून."

"म्हणजे या कागदावर लिहिलंय की हा कागद नाही."

विमानात आईला खिडकी दिली. उडताना तिनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठीचा वळ उठला. पप्पा मधल्या सीटवर, डोळे मिटून, बोर्डिंग पास दोन्ही हातांत धरून. उतरेपर्यंत तो त्यांनी खिशात ठेवला नाही. दिल्लीला ताईनं विचारलं, कसं वाटलं? आई ढगांबद्दल बोलत राहिली. पप्पा म्हणाले, "बारकोड बरा छापला होता. कडा फुटल्या नव्हत्या."

डिसेंबरमध्ये परभणीला गेलो तेव्हा दुकानात काउंटरच्या काचेखाली, त्या जुन्या एसएमएसच्या बातमीच्या शेजारी, त्यांचा आणि आईचा बोर्डिंग पास होता. म्हणजे पास नव्हते, त्यांची झेरॉक्स होती.

"मूळ कुठंय?"

"घरी, कपाटात. थर्मल कागद आहे तो, वर्षभरात उडून जाईल. म्हणून आल्या आल्या आधी झेरॉक्स मारली." मग काउंटरखालच्या ड्रॉवरमधून त्यांनी अजून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "ही तुझी. तू तर ठेवलाच नसशील."